आयसीयूत औषधं सारखी का बदलतात?

पिंपळगावकर | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमच्या मामांना मागच्या आठवड्यात नाशिकला आयसीयूत ठेवावं लागलं. वय ५८, जुनी शुगर, पण माणूस काटक, बागेची सगळी कामं स्वतः बघणारा. थंडी वाजून ताप आला. गावातच सलाईन आणि तापाचं इंजेक्शन घेत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी पहाटे असंबद्ध बोलायला लागले, मामींनाच 'तुम्ही कुणाकडे आलात' म्हणाले. गाडीत घालून आडगाव नाका गाठेपर्यंत हातपाय गार. दवाखान्यात वरचं बीपी सत्तर. सोनोग्राफीत कळलं की मुतखडा नळीत अडकलाय आणि वर किडनीत पू साचलाय. पू-लघवी वाहून जावी म्हणून त्याच रात्री स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकला. फाइलवर 'सेप्टिक शॉक' लिहिलंय, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून बीपी कोसळणं.

आता वॉर्डात आलेत, जेवतात, भांडतात, म्हणजे बरेच आहेत. पण घरात वेगळाच वाद पेटलाय. पहिल्या दिवशी मेरोपेनेम आणि टायकोप्लॅनिन अशी दोन महागडी अँटिबायोटिकं लावली. मग टायकोप्लॅनिन बंद. त्यानंतर मेरोपेनेमही बंद आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू, जे आमच्याकडे कुठल्याही मेडिकलात मिळतं. मामेभाऊ म्हणतो, सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चाललंय, वडिलांवर प्रयोग करतायत. मावशीचं म्हणणं, बिल थकेल या भीतीनं स्वस्तातलं दिलं. त्यात आता डॉक्टर सांगतात एकूण सात दिवसांत बंद करू, आणि ओळखीतले एक मेडिकलवाले सांगतात चौदा दिवसांचा कोर्स पुरा केलाच पाहिजे. कुणाचं खरं धरायचं?

सातपूरचा_सुन्या | सोमवार, रात्री १०:३१

मामा भांडायला लागले म्हणजे घरी न्या ना भो, अजून काय पुरावा पाहिजे. (हलके घ्या.) बाकी जाणकार येतीलच, मी बसलोय चहा घेऊन.

अतिदक्ष | मंगळवार, सकाळी ७:०५

मी आयसीयूतच काम करतो. तुमच्या मामांना मी पाहिलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण लिहितो.

शॉकमधला रुग्ण दारात येतो तेव्हा जंतू कोणता हे कुणालाच माहीत नसतं. कल्चरचं, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं, उत्तर यायला दोन-तीन दिवस जातात आणि तेवढा वेळ हातात नसतो. सेप्सिसवर (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागण्यावर) काम करणाऱ्या 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'ची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं अशा रुग्णाला एका तासाच्या आत अँटिबायोटिक द्या म्हणतात. त्यामुळे सुरुवात जे-जे असू शकेल ते सगळं झाकणाऱ्या औषधांनी होते. टायकोप्लॅनिन स्टॅफिलोकोकससारख्या ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंसाठी. कल्चरच्या बाटलीतल्या रक्ताच्या पहिल्या स्लाइडवर ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे दुसऱ्याच गटातले जंतू, दिसले की त्याचं काम संपलं. मग जंतूचं नाव आणि कोणत्या औषधाला तो मरतो याची यादी आली. त्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन असेल तर मेरोपेनेम चालू ठेवून मामांना जास्तीचं काही मिळणार नव्हतं. उलट आतड्यातले बाकीचे जंतू मेरोपेनेमला सरावले असते.

म्हणजे तुम्ही ज्याला धरसोड समजताय, ते मुळात धोरण आहे. पहिल्या दिवशी लावलेली औषधं दहाव्या दिवशीही जशीच्या तशी चालू असलेली फाइल दिसली की मला जास्त काळजी वाटते. आणि लघवीच्या जंतूवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालणं ही आजकाल नशिबाचीच गोष्ट, तेव्हा मावशींना सांगा की स्वस्तात सुटलात.

सात की चौदा, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये 'बॅलन्स' नावाच्या चाचणीचा निकाल आला. रक्तात जंतू सापडलेले ३,६०८ रुग्ण, सात देश, निम्म्याहून जास्त रुग्ण आयसीयूतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. सात दिवस औषध घेतलेल्यांत ९० दिवसांत १४.५ टक्के दगावले, चौदा दिवसवाल्यांत १६.१ टक्के. म्हणजे सात दिवस कमी पडले नाहीत. मात्र स्टॅफिलोकोकस ऑरियसचे रुग्ण आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, त्यांना हा निकाल लावायचा नाही. शिवाय पू बाहेर पडण्याची वाट मोकळी झालेली असली पाहिजे. तुमच्या मामांना, मला विचाराल तर, अँटिबायोटिकपेक्षा त्या रात्रीच्या स्टेंटनं तारलं. कोंडलेल्या पुवावर कितीही भारी औषध चालवा, ते आत पोचत नाही.

पिंपळगावकर | मंगळवार, सकाळी ८:४०

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. हे तर आमच्या द्राक्षांवरच्या डावणी रोगासारखंच झालं. एकच आंतरप्रवाही औषध सारखं मारत राहिलं की पुढच्या छाटणीला त्याचा पाण्याइतकाही उपयोग होत नाही. मामेभावाला याच भाषेत सांगतो, त्याला पटेल.

सातपूरचा_सुन्या | मंगळवार, सकाळी ९:१५

मग डॉक्टर, डायरेक्ट स्वस्तातल्यापासूनच का नाही चढत जायचं? नाही जमलं तर महागडं.

अतिदक्ष | मंगळवार, दुपारी २:२०

शॉकमध्ये 'नाही जमलं तर' याला दुसरी संधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून.

आणि कमी ताकदीचं पुरेल असा अंदाज कागदावर बरोबर वाटूनही अंगाशी येतो. २०१८ साली 'मेरिनो' नावाची चाचणी झाली. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देणारे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे जंतू ज्यांच्या रक्तात होते असे रुग्ण. प्रयोगशाळेच्या अहवालात पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमही चालेल असं आलेलं होतं. तरी ते दिलेल्यांत महिन्याभरात १२.३ टक्के गेले आणि मेरोपेनेमवाल्यांत ३.७ टक्के. त्याआधी आमच्यातले कितीतरी जण मेरोपेनेम वाचवायचं म्हणून चांगल्या हेतूनं पिपरासिलिन देत होते.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी ४:०२

माफ करा, पण मला हे सगळं आकड्यांचं अवडंबर वाटतं. आमच्या लहानपणी पंचवटीत जे डॉक्टर होते ते हात हातात घेऊन, जीभ बघून औषध द्यायचे. आता माणसाला हात लावण्याआधी रक्त काढतात. प्रोकॅल्सिटोनिन म्हणे, लॅक्टेट म्हणे. त्या प्रोकॅल्सिटोनिनचं बिल पाहिलंय का कुणी? आणि आज एक संशोधन सांगतं, उद्या दुसरं बरोबर उलटं सांगतं. सामान्य माणसानं कशावर विश्वास ठेवायचा?

बारकावे | मंगळवार, रात्री ९:२७

काका, उलटं सांगतं हीच त्यातली जमेची बाजू आहे. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो, आणि शिकवायला आयसीयूइतकी चांगली उदाहरणं कुठे सापडत नाहीत. थोडं लांबेल.

२००१ साली डेट्रॉइटच्या एका रुग्णालयातून रिव्हर्स आणि मंडळींचा अभ्यास आला. सेप्सिसच्या २६३ रुग्णांत पहिल्या सहा तासांत मानेच्या शिरेत नळी घालून, ठरावीक आकडे गाठेपर्यंत सलाईन, रक्त, औषधं असा काटेकोर कार्यक्रम. मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ वर आले. जगभर त्याची पारायणं झाली. मग २०१४-१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंड अशा तीन ठिकाणी मोठ्या चाचण्या झाल्या. तिन्हीकडे निकाल एकच: नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा त्या कार्यक्रमानं जास्त लोक वाचत नाहीत. का? कारण मधल्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले होते. लवकर ओळखणं, लवकर अँटिबायोटिक हे सगळीकडे रुळलं होतं. त्या महागड्या नळीची गरज नव्हती.

पण मला सगळ्यात हलवून टाकणारी चाचणी वाटते ती 'फीस्ट', २०११ची. युगांडा, केनिया, टांझानिया. तापानं गंभीर झालेली, हातपाय गार पडलेली तीन हजारांवर मुलं. पाठ्यपुस्तक सांगत होतं की अशा मुलाला भराभर सलाईन द्या. ते इतकं उघड होतं की याची चाचणी कशाला, असंच कुणालाही वाटलं असतं. तिथे बऱ्याच ठिकाणी पुरेसं सलाईनच नसायचं, म्हणून तुलना करणं शक्य झालं. ज्यांना भराभर सलाईन दिलं त्यांच्यातली १०.५ टक्के मुलं ४८ तासांत गेली. ज्यांना संथपणे, रोजच्या गरजेपुरतंच दिलं त्यांच्यातली ७.३ टक्के. फरक इतका स्पष्ट झाला की चाचणी मध्येच थांबवावी लागली. (जुलाब-उलट्यांनी सुकलेली मुलं यात नव्हती. त्यांना पाणी लागतंच, कृपया गैरसमज नको.) पुढे २०१७ साली झांबियात मोठ्या माणसांवर तसंच दिसलं: सलाईन आणि रक्तदाबाच्या औषधांचा आक्रमक कार्यक्रम राबवलेल्या गटात ४८.१ टक्के मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ३३ टक्के. तिथले बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि व्हेंटिलेटरची सोय तुटपुंजी.

आता आपल्याकडे बघा. अंगात कणकण आली की 'डॉक्टर, एक बाटली लावून द्या' म्हणणारे आपणच.

आणखी एक, अतिदक्ष यांच्या एका तासाबद्दल. २००६चा कुमार यांचा अभ्यास यासाठी नेहमी पुढे करतात: शॉकमध्ये दर तासाच्या उशिरानं जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. आकडा खणखणीत आहे, पण तो जुन्या फायली चाळून काढलेला आहे. गट पाडून केलेली तुलना नाही. ज्याला उशिरा औषध मिळालं तो मुळातच ओळखायला अवघड रुग्ण असू शकतो.

अतिदक्ष | बुधवार, सकाळी ७:३०

बारकावे, मुद्दा मान्य. म्हणूनच २०२१ मध्ये तो नियम दोन भागांत मोडला. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एक तास. शॉक नाही आणि सेप्सिस आहे की नाही याचीच शंका असेल, तर तीन तासांपर्यंत भरभर तपासण्या करा, दुसरं काही कारण निघतं का बघा, मग ठरवा. नाहीतर प्रत्येक तापाला मेरोपेनेम लागेल. काही ठिकाणी लागतंही.

गोदाकाठ काका, तुमच्या पंचवटीच्या डॉक्टरांची बाजू घेणारं संशोधन आहे बरं का. २०१९, 'अँड्रोमेडा-शॉक', दक्षिण अमेरिकेतली २८ रुग्णालयं. एका गटात दर दोन तासांनी रक्तातलं लॅक्टेट (रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा घटक) मोजून उपचार ठरवले. दुसऱ्या गटात फक्त बोट दाबून. काचपट्टीनं बोटाच्या पेरावर त्वचा पांढरी होईपर्यंत दाब द्यायचा, दहा सेकंद तसाच धरायचा, सोडायचं आणि घड्याळात बघायचं. रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्त अजून टोकापर्यंत पोचत नाहीये. दर अर्ध्या तासानं हेच. बोटवाल्या गटात ३४.९ टक्के मृत्यू, लॅक्टेटवाल्या गटात ४३.४. संख्याशास्त्राच्या कसोटीत तो फरक थोडक्यात हुकला, हे बारकावे सांगण्याआधी मीच सांगतो. पण फुकटची तपासणी महागड्या तपासणीपेक्षा कमी पडली नाही हे तर नक्की. मी शिकाऊ डॉक्टरांना राउंडला आधी हेच करायला लावतो.

प्रोकॅल्सिटोनिनच्या (जंतूंच्या इन्फेक्शनमध्ये रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या) बिलाबद्दल तुमचा राग बराचसा रास्त आहे. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही यासाठी त्याचा भरवसा धरू नये असंच मार्गदर्शन आहे. कधी थांबवायचं यासाठी ते कामाला येतं. इंग्लंडच्या 'अडॅप्ट-सेप्सिस' चाचणीत रोज ते मोजून औषधाचे दिवस १०.७ वरून ९.८ वर आले, मृत्यू वाढले नाहीत. बचत साधारण एका दिवसाची. आपल्याकडे रोजच्या तपासणीचा खर्च आणि वाचलेल्या एका दिवसाचा खर्च यांचा हिशेब ज्यानं-त्यानं करावा.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी १०:१०

बोटाचं आवडलं. बाकीचं पचवतोय.

मेतकूट | बुधवार, दुपारी १२:४५

विषय निघालाच आहे तर. २०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या दिरांसाठी प्लाझ्मा शोधत आम्ही इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत फोन लावत होतो. कोविड होऊन गेलेल्या माणसाचा रक्तगट विचारायचा, रिपोर्ट मागायचा, हातापाया पडायचं. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'लवकरात लवकर'. मग म्हणे प्लाझ्माचा उपयोगच नाही. हे आधी कळलं नसतं का?

बारकावे | बुधवार, दुपारी १:३०

मेतकूट, वाईट वाटतं सांगायला, पण कळलेलं होतं. आपल्याच देशात. आयसीएमआरनं ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर 'प्लॅसिड' चाचणी केली, निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला: प्लाझ्मा दिल्यानं आजार बळावणं थांबलं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत. जगात या प्रश्नावर वेळेत उत्तर देणाऱ्या पहिल्या मोजक्या चाचण्यांपैकी ती एक. राष्ट्रीय उपचारपद्धतीतून प्लाझ्मा निघाला मे २०२१ मध्ये. मधले सहा-सात महिने तुमच्यासारखी हजारो घरं फोन लावत बसली. चाचणी कमी पडली नाही, तिचं ऐकणारे कमी पडले.

अतिदक्ष | बुधवार, रात्री ११:५०

आणि नातेवाइकांचा दबाव. प्लाझ्मा नाही लिहिला तर 'डॉक्टर काहीच करत नाही' हे मी स्वतः ऐकलंय.

त्याच काळातली दुसरी बाजू पण सांगतो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. काचेची छोटी कुपी, वर्षानुवर्षं प्रत्येक दवाखान्याच्या ट्रेमध्ये पडलेली, किंमत चहाइतकी. इंग्लंडच्या 'रिकव्हरी' चाचणीनं २०२० मध्ये सांगितलं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्के, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा शून्य, झाला तर तोटाच. ही शेवटची ओळ लोक विसरले. घरी बसलेल्या, ९८ ऑक्सिजन असलेल्या, शुगरच्या रुग्णांनी पहिल्याच दिवशी स्टिरॉइड घेतलं. नंतर काळ्या बुरशीचे जे रुग्ण आपण पाहिले त्यात अशी शुगर चढलेली माणसं किती होती, हे कान-नाक-घशाच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

चालक | गुरुवार, सकाळी ९:००

धागा छान चाललाय. दोन सूचना. कुणाच्याही रिपोर्टचे फोटो नावासकट टाकू नका (एक प्रतिसाद काढला आहे). आणि इथे वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये.

मेतकूट | गुरुवार, सकाळी ११:२०

डेंग्यूच्या प्लेटलेटचं पण असंच आहे का? आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात पपईच्या पानांचा रस, किवी, आणि काउंट चाळीस हजारांपर्यंत उतरला की रक्तपेढीकडे धावाधाव.

अतिदक्ष | गुरुवार, दुपारी ३:१५

बरंचसं. सिंगापूर-मलेशियात ३७२ प्रौढांवर चाचणी झाली, २०१७. प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, असे रुग्ण. प्लेटलेट चढवल्यानं रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास जास्त जणांना झाला. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपल्यानं. आणि ते होतं ताप उतरताना, म्हणजे घरचे निश्चिंत होतात तेव्हा. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं ही लक्षणं बघा. काउंटचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत बसू नका. पपईबद्दल काही बोलत नाही, मला सासुरवाडी आहे.

सुरगाणा_एक्सप्रेस | गुरुवार, रात्री ८:३३

मी सुरगाणा-पेठ पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. तुमचं आयसीयू आमच्यापासून दोन-अडीच तास लांब, म्हणून आमचा खेळ निदानाचाच.

इथे येणाऱ्या प्रत्येक तापाच्या हातात बाहेरून केलेल्या टायफॉइडच्या विडाल तपासणीची पॉझिटिव्ह चिठ्ठी असते. ही तपासणी १८९६ची. आधी कधी टायफॉइड होऊन गेलेला असेल, दुसराच कुठला ताप असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडची खात्री रक्ताच्या कल्चरनं होते, तेही सगळ्या रुग्णांत सापडत नाही. पण विडालच्या नावावर अँटिबायोटिकच्या सुया टोचून झालेल्या असतात आणि ताप तसाच.

पावसाळा सरताना, गवतकापणीच्या दिवसांत, आम्ही ताप आला की कपडे बाजूला करून बघतो. काख, जांघ, बायकांच्या लुगड्याच्या गाठीखाली, छातीखाली. तिथे विडीचा चटका लागल्यासारखी काळी खपली सापडली, न दुखणारी, रुग्णाला स्वतःला माहीतही नसलेली, तर तो स्क्रब टायफस. गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्यानं होतो. प्रत्येकात खपली सापडत नाही, पण सापडली तर निदान तिथल्या तिथे, फुकट. वेळेत डॉक्सीसायक्लिन दिलं तर उतरतो, नाहीतर फुप्फुस, किडनी, मेंदू सगळं धरतो. मेरोपेनेमला तो अजिबात दाद देत नाही, हे शहरातल्या मंडळींनी लक्षात ठेवावं.

यावर आपल्याच देशातली एक उत्तम चाचणी आहे, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या (सीएमसी) पुढाकारानं सात केंद्रांत झालेली, २०२३ साली छापून आली. गंभीर स्क्रब टायफसचे रुग्ण, शिरेतून डॉक्सीसायक्लिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा दोन्ही. मृत्यू, सातव्या दिवशी टिकून राहिलेली गुंतागुंत आणि पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप हे एकत्र धरले तर दोन्ही औषधं घेतलेल्यांत ३३ टक्के, एकेकट्या औषधाच्या गटांत ४७ आणि ४८ टक्के. नुसत्या मृत्यूंत फरक पडला नाही, तेवढं बारकावे यांच्यासाठी नोंदवतो.

बारकावे | गुरुवार, रात्री ८:५०

:) पोचलं.

सातपूरचा_सुन्या | गुरुवार, रात्री ९:४१

एक खरंच पडलेला प्रश्न. ह्या चाचण्या करतात त्यात पेशंट बेशुद्ध. मग 'हो' कोण म्हणतं? आणि चिठ्ठीत उणं औषध आलं तर गेला ना बिचारा. मामेभावाचा 'प्रयोग' इथे खरा की नाही?

अतिदक्ष | शुक्रवार, सकाळी ६:४५

सुन्या, इथे तो खरा, आणि म्हणूनच त्याला कायदा आहे. २०१९चे नवीन औषधं आणि चिकित्सा चाचणी नियम. बेशुद्ध माणसाच्या वतीनं कायद्यानं मान्य प्रतिनिधी, बहुतेक वेळा जवळचा नातेवाईक, सही करतो. त्याला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. त्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात जण, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा, आणि डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती आणि एखादी साधी सामान्य व्यक्तीही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई. कधीही बाहेर पडता येतं आणि बाहेर पडलं म्हणून नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

उणं औषध येण्याबद्दल: कोणतं उणं हे आधी माहीत असेल तर चाचणी करायला परवानगीच मिळत नाही. फीस्टमध्ये सगळ्यांना वाटत होतं की कमी सलाईनवाला गट उणा.

तुमच्यापुढे कधी असा कागद आला तर घाईत सही करू नका आणि घाईत नाहीही म्हणू नका. चाचणीचा सीटीआरआय क्रमांक विचारा. ही देशाची चाचण्यांची नोंदवही, २००७ पासून आहे, इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येते. ज्यांना क्रमांक सांगता येत नाही त्यांना सही देऊ नका. अभ्यासात नसतो तर काय उपचार मिळाले असते, आणि जास्तीच्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, हेही विचारा.

सातपूरचा_सुन्या | शुक्रवार, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली.

पेट्रीडिश | शुक्रवार, दुपारी ४:५५

उशिरा आले. मी गंगापूर रोडच्या बाजूला एका सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत आहे. सगळे चाचण्यांबद्दल बोलताय, पण त्या सगळ्याच्या मुळाशी जी बाटली आहे तिच्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

मोठ्या माणसाच्या रक्ताच्या कल्चरच्या एका बाटलीत आठ ते दहा मिली रक्त लागतं. आमच्याकडे दोन-तीन मिली घातलेल्या बाटल्या येतात. 'पेशंटचं रक्त कशाला वाया घालवायचं' म्हणून. रक्तात जंतू मिलीमागे एखादाच असू शकतो, कमी रक्तात तो सापडणार कसा? दुसरं, एकच बाटली. दोन वेगवेगळ्या हातांतून घेतलं तर कळतं की सापडलेला जंतू रक्तातला की कातडीवरचा. एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकोकस उगवला की आम्ही फोन करून विचारतो, स्पिरिट वाळू दिलं होतं का? पलीकडे शांतता. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. रक्त आहे म्हणून काही ठिकाणी प्रेमानं फ्रिजमध्ये ठेवतात.

आमचं यंत्र बाटली ऊबेत ठेवून दर काही मिनिटांनी तपासतं. जंतू वाढला की घंटा वाजते, बहुतेकदा पहिल्या ४८ तासांत. काही नाही वाजलं तरी पाच दिवस वाट बघतो. म्हणून 'अजून रिपोर्ट नाही' यावर काउंटरवरच्या मुलीला ओरडू नका.

सगळ्यात महत्त्वाचं वेळेचं. २०१९ साली उत्तर अमेरिकेतल्या सात आपत्कालीन विभागांत गंभीर सेप्सिसच्या रुग्णांचं कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घेतलं आणि औषध दिल्यावर दोन तासांच्या आत पुन्हा घेतलं. आधी ३१.४ टक्के पॉझिटिव्ह, नंतर १९.४. तेच रुग्ण, मध्ये फक्त एक डोस. पिंपळगावकर, तुमच्या मामांचं औषध उतरवता आलं ते जंतू सापडला म्हणून. गावात तीन दिवस नुसतं तापाचंच इंजेक्शन मिळालं, अँटिबायोटिक नाही, याचा कल्चरला फायदाच झाला म्हणायचा, मामांना झाला नाही हे वेगळं.

पिंपळगावकर | शुक्रवार, रात्री १०:०५

ताई, मग आधीच कुठेतरी अँटिबायोटिक घेऊन आलेल्या माणसाचं कल्चर करण्यात अर्थ नाही का? आमच्याकडे दहातले नऊ तसेच जातात.

पेट्रीडिश | शुक्रवार, रात्री १०:३८

आहे अर्थ, करायचंच. पुढचा डोस देण्याच्या जरा आधी रक्त घ्यायला सांगा, त्या वेळी रक्तात औषध सगळ्यात कमी असतं. काही बाटल्यांत औषध शोषून घेणारे मणी असतात, त्या मागवता येतात. लघवी, पू, छातीतलं पाणी, जिथून इन्फेक्शन सुरू झालं असेल तिथलाही नमुना पाठवा. स्टेंट टाकताना किडनीतून जी लघवी येते ती तर सोन्यासारखी, ती ओतून देऊ नका. आणि कोणत्या गोळ्या-इंजेक्शनं झाली त्याची जुनी चिठ्ठी बरोबर ठेवा. चिठ्ठी नसेल तर रिकामी पाकिटं चालतील. फॉर्मवर ते नाव लिहिलेलं असलं की 'नो ग्रोथ'चा (जंतू उगवला नाही असा) रिपोर्ट पाठवण्याआधी आम्ही बाटली पुन्हा एकदा उघडून बघतो.